विश्राम तारी, रात्री दोन चाळीस

हवालदार परुळेकर मोटरसायकल माडाला टेकवून
खळ्याच्या कडेलाच थांबले, आत येईनात.
"वैनीनू, विश्राम खंय असा?"
मी सुकत घातलेले बांगडे परतत होते.
म्हटलं, "कित्याक?"
"गोव्याची दारू. रात्री दोन चाळीसाक
त्येची गाडी नाक्यावरसून गेली.
नंबरप्लेटीर चिखल, पण यंत्रान नाव वाचल्यान."

यंत्राने नाव वाचलं.
मला तेवढंच ऐकू आलं.

नवे होते परुळेकर, बदलून आलेले.
त्यांना भिंतीवरचा फोटो दाखवला, चंदनाचा हार, तारीख.
त्यांनी टोपी काढली, जरा थांबले,
परत घातली.
"तरी पण स्टेशनात येवचा लागतला."

खरं तर मला माहीत होतं.
त्यांचा फोन मिठाच्या बरणीशेजारी असतो,
चार्ज करून ठेवते. का, ते विचारू नका.
सोसायटीचे, वीजबिलाचे, लॉटरी लागल्याचे
मेसेज येतात त्यावर अजून.
आणि हे: टोल भरला. पंच्याण्णव रुपये.
पहिल्यांदा वाटलं, काहीतरी चुकलं असेल.
दुसऱ्यांदा उठून बाहेर गेले
आणि गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला.
थंड. दवाने ओलं.
तिसऱ्यांदा उठलेच नाही.
कूस बदलली. म्हटलं,
जातायत तर जाऊ देत.

साहेब घाटावरचे. समोर कागद, कागदावर आमचा नंबर.
"मयताच्या नावावर गाडी कशी काय चालवता?"
बाजारापुरती, साहेब. मालवणच्या पुढे नाही.
"त्या रात्री कुठे होता?"
झोपले होते.
"साक्षीदार?"
माझ्या झोपेचा साक्षीदार भिंतीवर आहे.
आणि तो माणूस जन्मात
लिंबू सोड्याच्या पुढे गेला नाही,
तोही कुडाळच्या स्टँडवर, उभ्या उभ्या, अर्धा माझ्यासाठी ठेवून.

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

आमचं आडनाव तारी.
पूल नव्हता तेव्हा सासरे या खाडीत होडी घालायचे.
माणशी दोन आणे तर.
बाळंतिणीला फुकट,
पोलिसालाही फुकट, पण ते मी स्टेशनात बोलले नाही.
अमावास्येलासुद्धा पलीकडून कोणी "होऽऽ" केलं
की सासरे इकडून सांगायचे,
हा बाबल्या, ही त्याची सून, हा कोणी परका.
हाक सोलून दुसऱ्याच्या गळ्यात
चिकटवता यायची नाही तेव्हा.

"पुढची काच कधी बदलली?"
साहेबांनीच विचारलं शेवटी.
आणि मला तो आवाज आठवला,
मे महिना, भर दुपार, नारळ.
माडाला डोळे असतात म्हणतात,
म्हणून आम्ही गाडी तिथेच लावायचो.
कुडाळच्या गॅरेजात नवी काच बसवली,
जुनी कुठे गेली मी विचारलं नाही.
तिच्यावर तो स्टिकर होता,
त्यांनी थुंकी लावून, अंगठ्याने दाबून बसवलेला,
किंचित तिरका.

सापडला. एका टेम्पोच्या काचेवर,
ब्लेडने सोललेला, चिकटपट्टीने लावलेला.
टेम्पोवाला पोर विशीतलं, बाकावर बसलेलं,
माझ्याकडे बघेना.
परुळेकर म्हणाले, "बोला ह्येका काय ता."
मला बोलायचं होतं पुष्कळ.
विचारलं भलतंच:
"रात्री हायवेला धुकं असतं काय रे?"
पोराने मान वर केली.
"असता काकी. उताराक. काय्येक दिसना नाय.
मगे नाको येता, दिवे दिसतत,
दांडो आपसूक वर जाता."

साहेब म्हणाले, टॅग बंद करून घ्या.
मी घेतला.
बँकेतली मुलगी चांगली होती, मला बसायला खुर्ची दिली.
म्हणाली, खात्यात एकशे बारा रुपये शिल्लक आहेत,
परत हवे असतील तर त्यांची सही लागेल,
नाहीतर दाखला, वारस, दोन फोटो, पुढच्या सोमवारी या.

म्हटलं, नको.
वाटखर्चाला असू देत.