रांग चारशे सतरा

न्जोरोच्या माळावर आम्ही तांबेरा पेरतो.
हो, मुद्दाम.
कडेच्या रांगांत नाजूक गहू,
पहिल्या फुंकरीला मान टाकणारा,
आणि संध्याकाळी दव उतरताना
पाठीवरच्या पंपातून रोगाचं पाणी.
नवा पोरगा किप्रुगुत विचारतो,
"तापसुबेई, देवाला काय सांगशील?"
मी म्हणते, आधी वहीत लिही: वारा पूर्वेचा.

पाचव्या आठवड्यात शेत गंजतं.
अंगठा खोडावरून ओढला
की विटेच्या भुकटीनं माखून येतो.
पासष्ट टक्के. ऐंशी. नव्वद.
ज्या वाणांचे फोटो कॅलेंडरवर होते
तेही बसलेत मटकन.
दुपारपर्यंत हजारेक मरणांना गुण दिले;
डबा उघडला तर, हात धुवूनही,
उगालीवर केशरी बोट उमटलं.

मग चारशे सतरा.
उंच, वेडावाकडा, शेजाऱ्याच्या अंगावर रेललेला,
ओंबी सुतळीएवढी, कुसळं राठ,
दाणा असा की कोंबडीनंही विचार करावा.
पण खोड हिरवं.
गुडघे टेकून भिंग लावलं:
टाचणीच्या टोकाएवढे पांढुरके ठिपके,
मधोमध काही नाही.
रोग जिथं शिरला, तिथल्या आपल्याच चार पेशी
त्यानं मारून टाकल्या होत्या,
आणि दार लागलं होतं.

पाकिटावर नाव नाही. एक आकडा,
आणि कुणा परक्या हाताची शाईतली ओळ:
"खळ्यावरून मूठभर. म्हातारी देईना."

म्हातारी देईना!
कुठली, कधीची, कुणास ठाऊक.
दिलं असणार शेवटी.

उद्या पहाटे चिमटा घेऊन बसेन
देखण्या, बुटक्या, रोगट वाणापाशी,
एकेका फुलातले तीन-तीन पुंकेसर उपटत.
कागदी पिशवी, टाचणी, तारीख.
तीन दिवसांनी सोयरीक.
मग नातवंडं, पतवंडं, आठ-दहा वर्षं;
दर पिढीत राठपणा काढायचा
आणि ते दार तेवढं ठेवायचं.
तोवर तांबेराही नवी किल्ली घडवेल,
त्यालाही पोट आहे.

सुटताना कपडे इथंच खुंटीला,
बूट इथंच, केसांवरून दोनदा पाणी;
ओढ्यापलीकडे आईचा दीड एकर उभा आहे.
ती विचारेल, सापडलं का काही?
अंगठ्याच्या रेषांत अजून थोडं तांबूस.
हात मागे धरून सांगेन,
एक आहे.
तुला आवडणार नाही.