पुठ्ठा क्रमांक एकोणीस

अक्कलकोट रोडला, यमूल शेठच्या कारखान्यात
मी जकार्डचे पुठ्ठे पाडतो.
भोक असलं की सुई आत जाते, धागा वर येतो.
नसलं की धागा खालीच.
एवढंच माझं शास्त्र.

त्या गावाचं नाव मला नीट उच्चारता येत नाही.
तिथल्या दवाखान्यातली सिस्टर वर्दा मेल टाकायची,
ऑफिसातला अंबादास मला मराठीत सांगायचा.
पहिली ऑर्डर: पांढरे टॉवेल, कोपऱ्यात हिरवा क्रूस,
ऑलिव्हच्या पानासारखा हिरवा.
ऑलिव्ह मी पाहिलेलं नाही.
चिंचेच्या जून पाल्याचा रंग धरला,
तिला पसंत पडला.

दुसऱ्या वर्षी: क्रूस जरा लहान करा.
अंबादास म्हणाला, सूत वाचवत असतील.

तिसऱ्या वर्षी: त्याचं फूल होईल का, चार पाकळ्यांचं?
आणि खाली, सहज सांगितल्यासारखं,
घंटा उतरवून ठेवली आहे.
पाववाल्या हन्नाच्या दारावर
रात्री कुणी रंगानं एक अक्षर काढून गेलं.
ती दार पुसत बसली नाही,
लेकरं घेऊन निघाली.
भट्टीत पाव तसेच होते.

मी फूल केलं.
आडव्या दांडीला गोलाई दिली, उभीचा पाय छाटला.
त्या रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो.
पाळकांनी जगातल्या सगळ्या दुःखितांसाठी
एका दमात प्रार्थना केली.
वर पंखा खडखडत होता.
कुणी विचारलं असतं तर एका गावाचं नाव
मला सांगता आलं असतं,
चुकीच्या उच्चारात का होईना.

चौथी ऑर्डर: काहीच नको. कोरे. लवकर.
जखम नक्षी बघत नाही, असं तिनं लिहिलं होतं.
बीम बदलायला वेळ नव्हता.
शेठ म्हणाले, शलमोन, भोकं बुजव.
मी कागदाच्या टिकल्या कापल्या, खळीनं चिकटवल्या,
हिरवा धागा कापडाच्या पोटात दडवला.

कंटेनर गेल्यावर उरलेला एक टॉवेल घरी आणला.
आईनं तोंड पुसलं, म्हणाली,
इथं काय रे लागलंय, भाजीचं पान?

एकोणिसाव्या पुठ्ठ्यावरची एक टिकली गळली होती.
तेवढ्या एका भोकातून सुई गेली होती,
तेवढा एक ठिपका वर आला होता,
साडेसहाशे टॉवेलांवर,
नेमका जिथं दोन दांड्या एकमेकींना भेटायच्या.

शेठना मी सांगितलं नाही.

मेल येत नाही. विचारलं की अंबादास नुसता
चष्मा पुसतो.
रात्रपाळीत माग चालू असतात तोवर ठीक.
लाइट गेली की सगळी शेड एकदम गप्प होते,
कानात तेवढा खडखडाट उरतो,
आणि मला दिसतं,
कुणीतरी तो टॉवेल उजेडाकडे धरलाय,
कोपऱ्यावरून बोट फिरवतंय,
ठिपक्यापाशी थांबतंय.

बोट कुणाचं,
ते काही केल्या दिसत नाही.