पंचेचाळिसाव्या दिवशी

ये इकडे, ट्रापो.
चुलीमागं दडून काय होणार?
कॅलेंडरवर आजच्या तारखेभोवती
मी कोळशानं गोल काढलाय,
आणि तुला तो वाचता येतो, मला ठाऊक आहे.
नाहीतर सुरी चीजला टेकली की धावत येणारा तू
आजच का पाय ओढतोयस?

गोळी लहान आहे. पिवळट. कडू.
गेल्या खेपेला तू चीज गिळलंस
आणि गोळी माझ्या चपलेत थुंकलीस,
साळसूदपणे, प्रवचन संपलेल्या पाद्र्यासारखा.
आज जबडा माझ्या हातात, नाक वर,
गळ्यावरून बोट खाली, आणखी खाली...
हां. गेली.

बाहेर वारा आहे. चुबुतच्या या पठारावर
झाडंसुद्धा जन्मभर पूर्वेकडे वाकलेली.
वर्षातून दोनदा इर्मा कायुपान येते,
धुळीनं माखलेल्या पिकअपमधून,
तुझ्या कानातलं गवताचं कुसळ चिमट्यानं काढते,
दातांवरचं किटण खरवडते, मला म्हणते,
'ताटातलं भरवणं बंद कर, एदुविहेस.
फासळ्या हाताला आपसूक लागाव्यात,
शोधाव्या लागू नयेत.'
मी मान डोलावते. तू माझ्याकडे बघतोस.
ते आपल्या दोघांतच राहू दे.

पण या गोळीला सूट नाही.

कारण तुला काही होतच नाही, ट्रापो.
खरी मेख तिथंच आहे.
आतड्यात कणीएवढे किडे
हजारांनी नांदतात,
तरी तुझं शेपूट हलतंच,
नाक ओलं, भूक लांडग्याची.
तू अंग चाटतोस, त्या अंगावरून पोराचा हात फिरतो,
तोच हात भाकरी मोडतो,
आणि मग वर्षं जातात.
नुसती वर्षं.

आमच्याकडे एक कुत्री होती, पाठीवर पांढरा पट्टा.
सहा वर्षांची मी तिच्या कुशीत निजायचे.
एकतिसाव्या वर्षी, त्रेलेवच्या इस्पितळात,
माझ्या काळजातून
संत्र्याएवढी पाण्याची पिशवी निघाली.
कुत्रीला मी कधी बोल लावला नाही.
तिच्यापुढे मेंढीचं काळीज टाकलं कुणी?
वडिलांनी. मायेनं.

गेल्या नाताळात अन्सेल्मोनं मेंढा सोलला.
कलेजीवर पांढरे फोड, द्राक्षांसारखे टचटचीत.
'माणसाला नको,' दीर म्हणाला, 'कुत्र्याला चालेल.'
आणि फेकायला हात मागं घेतला.
तू तर आधीच हवेत होतास.

मी ओरडले नाही.
पाहुण्यांसमोर, पोरांसमोर
ब्लाउज बरगडीपर्यंत वर केला.
त्यानं ती रेघ पाहिली,
टाक्यांच्या खुणा दोन्ही बाजूंनी,
शंभर पायांच्या किड्यासारखी.
कलेजी त्याच्या मुठीत तशीच,
रक्त कोपरापर्यंत आलेलं.
सासूबाई म्हणाल्या, 'अगं, लाज!'
लाजेचं मी काय सांगू.

दुसऱ्या दिवशी त्यानं खड्डा खणला, कंबरभर,
वर झाकण म्हणून जुन्या ट्रकचं दार.
माझ्याशी तो आठवडाभर बोलला नाही.
तू तीन रात्री त्या दारावर बसून राहिलास,
खिडकीची काच खाली होईल
या आशेनं.

आता दोन दिवस साखळी.
तुझी घाण मी फावड्यानं उचलीन, जाळीन,
वारा उलटा फिरला तर शिव्या घालीन.
चारला एलियान शाळेतून येईल,
दप्तर टाकून तुझ्या मानेत तोंड खुपसायला धावेल.
मी म्हणेन, 'आज नाही!' तो म्हणेल, 'थोडंसंच!'
मग नळ, साबण, कुरकुर.
पुढचा गोल कधी, ते बोटांवर मोजते आहे,
आणि तू आलास पुन्हा, चीजच्या वासानं,
राग विसरून.

नाही, गाल नको.
हात पण नको.
बरं. कोपर.