गारा

फागणातली गोष्ट हाय, होळीच्या चार रोज आधीची.
तिनक वाजता असं अंधारलं
का कोंबड्या आपल्या मनानं खुराड्यात गेल्या,
अन् मंग वीस मिनिटं
माह्या टिनावर कोणी गिट्टी ओतून राह्यलं का काय
असा आवाज.

थांबलं तवा बाहीर पाह्यलं.
मोर्शीचा रोड पांढरा. धुरा पांढरा.
उकंडासुदा सोज्वळ दिसे.

रोडाचं काम दोन वर्सापासून चालू हाय,
एक बाजू सिमेटाची, एक बाजू खंदून ठेवलेली,
मधात काळी माती.
गाडी सिमेटावरून एक हात सरकली
का माती तिले पाव्हण्यासारखी बसवून घेते,
जेवल्याबिगर उठू देत नाई.

त्या रोजी तीन गाड्या फसल्या.
वरुडून दिल्लीले निंगालेला संत्र्याचा ट्रक,
त्याच्या मांगं बँडवाल्यायची पिकप,
अन् नर्सबाईची स्कूटी –
थे तं पोट्ट्यायनं उचलूनच माह्या वट्यावर ठेवली.

ट्रकवाल्याचं नाव नेगी. पहाडातला.
खाली उतरला, मूठभर गारा उचलल्या,
तोंडात टाकल्या, अन् हासला.
मी म्हणलं, याले का झालं बाप्पा,
एवढा माल फसला अन् हा बर्फ खाऊन राह्यला!

थो हिंदीत बोले, मी आपल्या बोलीत,
समजायचं तेवढं समजे.
त्याच्या गावी चार महिने रोड असाच असते,
गुडघ्याएवढा.
गाडी फसली का घराघरातून फावडे निंगतात.
आधी चाक मोकळं,
मंग चहा,
मंग नाव.

मी म्हणलं, भाऊ,
वरून पडल्या त्या गारा तुह्या वळखीच्या असतीन,
खाली हाय तो गारा माह्या वळखीचा हाय.

घरामांगं पऱ्हाटीचा ढीग होता,
पावसाळ्याभराचं जळण.
पह्यला भारा देल्ला तवा काई वाटलं नाई.
पाचव्याले सून दारात येऊन उभी राह्यली.
बोलली नाई.
सहावा तिनंच आणला.

नेगीनं चाकातली हवा सोडली, अर्धीक.
येडा हाय, म्हणलं, होती तेवढी बी गेली.
मंग म्हणे दोर पायजे.
वासुदेव खडक्यानं गोठ्यातले सोल आणले,
थे त्यानं चाकायले गुंडाळले, आरपार, गाठी मारून.
पहाडात म्हणे साखळ्या घालतात चाकाले.
"तोरड्या?" सून म्हणे.
ह्या एवढ्या चिखलात हासली थे.

बँडवाले लाल कोटात, गुडघ्यालोक काळे.
ढोलवाला म्हणे, मी रेटत नाई, मी ताल देतो.
सारे त्याच्यावर खेकसले.
पण खरंच त्यानं ढोल ठोकला,
अन् तिसऱ्या ठोक्यावर सारे एकदम भिडले.
समोरून प्रफुल इंगोल्याचा टॅक्टर वढे,
खालून पऱ्हाटी कडकड मोडे.
एकदा. दोनदा.
मंग किती येळा, थे मोजलं नाई.

अन् ट्रक निंगाला,
जशी म्हैस डोबीतून निंगते,
कोणी हाकललं म्हणून नाई,
तिच्या मनात आलं म्हणून.

तवरोक गारायचं पाणी झालं होतं.
नेगीनं पैशे काढले, कोणी घेतले नाई.
मंग वंजळभर संत्रे देल्ले मले.
आमच्याच इलाख्यातले संत्रे,
पहाडातल्या माणसानं देल्ले!
एक आंबट निंगालं.
नाव इचारायचं त्याले त्याच्या रीतीनं शेवटी आठोलं.
चंद्रकला, मी म्हणलं.
त्यानं दोनदा म्हणून पाह्यलं.

वैशाखात ठेकेदारानं मुरूम टाकला, वरून सिमेट.
पऱ्हाटी कोणी काढली नाई,
थे तिथीच हाय.
रातच्याले ट्रक जातात भरभर,
आवाजावरून मले समजते कोणता भरेल हाय.

आपलं जळण यायच्या चाकाखाली, सून म्हणते.
जळूनच गेलं असतं, मी म्हणलं.
पण आखाडात चूल पेटे ना,
तवा वासुदेवाच्या घरून दोन भारे उसने आणले,
अजून वापस करायचे हायेत.