गळतीचा दाब

पाकीट फोडायचं काम माझं.
जाड, तपकिरी, उजेडासमोर धरलं
तरी पोटातलं न सांगणारं.
आत चिठ्ठी, चिठ्ठीवर एकच अक्षर.
न म्हणजे नळी, स्वरतंतूंच्या फटीतून थेट श्वासनलिकेत.
म म्हणजे मास्क, मऊ,
जिभेमागून सरकत जाऊन
घशाच्या तळाशी अंग चोरून बसणारा.

डॉक्टर नुरहयात म्हणतात, स्वतःचं मत खिशात ठेव.
कोणतं साधन बरं, ते मुलांचे घसे सांगतील
आणि तेही ऐंशी झाल्यावर.

आज एक्केचाळिसावं मूल.
बेरफिन, वय पाच, सतरा किलो, हर्निया.
खिडकीत वान सरोवर, काठाला मळका बर्फ.
बाप मासेमार. बाहेरच्या बाकावर
तिचे बूट मांडीवर घेऊन बसलेला.

खरं सांगायचं तर
मला आज न हवा होता.
मागच्या मंगळवारी सदतिसाव्याचा मास्क
नीट बसलाच नाही. पडद्यावरचा आकडा
जिना उतरावा तसा उतरला,
ब्याण्णव, अठ्ठ्याऐंशी, एक्क्याऐंशी,
ओठ जांभळाच्या सालीसारखे.
नुरहयातबाईंनी न बोलता नळी घातली.
मी लिहिलं: प्रयत्न दोन. साधन बदललं, हो.
एवढंच मावतं तिथे.

चिठ्ठीवर म.
बेचाळिसावं पाकीट हाताशीच होतं.
मी त्याच्याकडे पाहिलं, किती वेळ ते माहीत नाही,
स्टॉपवॉच अजून सुरू केलं नव्हतं.

मग म्हणाले, मोज बघू, बेरफिन.
मी तुर्कीत सांगितलं, तिने कुर्दीत मोजलं,
येक, दू, से,
आणि चारचा च ओठांवरच राहिला.

मास्क गेला. एकाच प्रयत्नात, चौदा सेकंदांत.
झडप मिटली, दाब चढू लागला,
मी तिच्या गळ्यावर स्टेथोस्कोप टेकवला.
अठरा. वीस. बावीस.
चोविसाला बारीकशी सुर्र,
गरम चहावर कुणी फुंकर मारावी तशी.
इथे हवा वाट काढते. इथे आकडा लिहायचा,
पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये.
बाहेर बाकावर ज्याचा जीव टांगणीला
तो किती सेंटिमीटरला फुटतो,
कुणी मोजलं नसावं.

काढताना एकदा खोकली. मास्कवर रक्त नाही.
दोन तासांनी विचारलं, घसा दुखतो?
तिने मान हलवली, हो की नाही कळेना,
मी परत विचारलं,
तर माझ्याकडे रागाने बघून म्हणाली,
पेन्ज.

बापाला काय सांगावं सुचेना.
त्याने विचारलंही नाही.
बूट घातले तिच्या पायांत,
डावा उजव्यात, उजवा डाव्यात,
आणि आम्ही तिघंही
ते बघत उभे राहिलो.