पान एकशे एकेचाळीस

सेलूच्या स्टँडमागं, इलियासच्या पंक्चरच्या दुकानात
ट्यूब बुडवायच्या घमेल्याशेजारी आमचा डाव.
माझ्याकडं पुलावरचा राखणदार: हल्ला दोन, बचाव पाच,
खाली तिरप्या अक्षरांत एकच ओळ,
‘हा कुणाला वाट देत नाही.’
कोपरा दुमडलेला. बदल्यात कुणी घेईना.
वैजनाथ म्हणायचा, फेक की लेका, कामून सांभाळतो?

मग नांदेडच्या रद्दीतून कादंबरी आली,
ह्याच पत्त्यांवरून लिहिलेली. भाग तिसरा, पहिले दोन नाहीत.
डिक्शनरी मांडीवर घेऊन उन्हाळाभर वाचली.
राखणदाराला तिथं आई निघाली,
दुखरा गुडघा निघाला,
आणि पान एकशे एकेचाळीसवर
राजपुत्राला घाई होती म्हणून
तो अर्ध्या वाक्यात मेला.
उरलेल्या अर्ध्यात घोडे पूल ओलांडून गेले.

मी पुढं वाचलंच नाही.

संध्याकाळी इलियासनं ड्रॅगन टाकला, हल्ला नऊ.
माझ्या हातात बरे पत्ते होते.
तरी दुमडल्या कोपऱ्याचाच ठेवला घमेल्याजवळ,
म्हणालो, बसून लढंल. गुडघा दुखतो त्याचा.

इलियास हसला नाही.
ड्रॅगन उचलून खिशात घातला,
म्हणाला, थांब, पाणी बदलून येतो.