गुणलेखिका

हडर्सफील्डच्या वरच्या अंगाला, दगडी कुंपणांच्या उतारावर
आमचं मैदान, एका बाजूला इतकं कललेलं
की पाहुण्यांचे चौकार आपणहून खाली जातात
आणि आमचे, चढावर, दमतात.

सलग अकरा सामने हरलो आहोत.
मी मोजते म्हणून सांगते. बाकीच्यांनी मोजणं सोडलं.

शनिवारी साडेबाराला खिडकीतल्या बाकावर बसते.
थर्मासमध्ये चहा, दोन शिसपेन्सिली, एक खोडरबर.
तारीख लिहिते, समोरच्या गावाचं नाव लिहिते,
मग आमचे अकरा, एकाखाली एक:
हेग, नळदुरुस्तीवाला, कप्तान, गुडघ्याला पट्टा;
आर्मिटेज, वय एकाहत्तर, त्यानं सोडलेला चेंडू
पलीकडे पोचेस्तोवर माझा एक घोट होतो;
आणि सगळ्यात खाली साफिया मेहमूद, इयत्ता नववी,
नावापुढे या मोसमात सात भोपळे.

इथले लोक त्याला बदक म्हणतात.
मी भोपळाच म्हणते. बदक उडून जातं,
भोपळ्याचे निदान घारगे तरी होतात.

बहीण फोनवर विचारते, कशाला गं जातेस?
हवा चांगली असते, मी सांगते.
हे धडधडीत खोटं. मागच्या आठवड्यात गारा पडल्या.

आशा मला आपोआप येत नाही.
सकाळी डबा भरावा तशी भरून नेते,
कधी तशीच्या तशी परत येते,
झाकणाला आतून वाफ धरलेली.
दुसऱ्या शनिवारी डबा घासून पुन्हा भरते,
एवढंच.

आज समोरच्यांचे एकशे चौऱ्याण्णव.
आमचे नऊ गडी एकशे सोळात.
साफिया आली. हेल्मेट डोळ्यांवर घसरत होतं.
पहिला चेंडू पॅडवर. दुसरा कुठे गेला तिलाही कळलं नाही.
तिसरा बॅटीची कड घेऊन स्लिपमधून
उताराला लागला, आणि हेग तो गुडघा घेऊन
'यस!' ओरडत निघाला.
पळाला म्हणवत नाही.

एक.

पेन्सिल अशी दाबली की टोक मोडलं.
दुसरी घेईपर्यंत हेग त्रिफळाचीत.
सत्त्याहत्तर धावांनी हार. बारावी.
साफिया मेहमूद, नाबाद एक.

सँडविच खाता खाता ती वहीत डोकावली.
बोट ठेवून म्हणाली, इथे?
मी म्हटलं, इथे.
तिच्या बोटाचं लोणी पानाला लागलं, लागू दे.

मग बेरजा, पंचांच्या सह्या, खुर्च्या आत.
जाताना पुढच्या शनिवारसाठी पान उलटून ठेवलं:
तारीख नाही, गाव नाही, कोरं.
उजेडाकडे तिरकं धरलं तर मात्र
तळाला, अकराव्या ओळीत,
दाबून उमटलेला एक.
खोडरबर चालत नाही त्याच्यावर.